दोन सुलट, दोन उलट

सहाला सरकारी दारूच्या दुकानाचं शटर पडतं,
म्हणून माझा दिवस साडेपाचला सुरू होतो.
त्याआधीचं सगळं नुसतं डिझेल, ग्रीस,
बोटीच्या पोटात वाकून केलेली नोकरी.

साडेपाचला मी गाडीची किल्ली सोलरूनच्या हातात देतो.
ती पिठाच्या डब्यात टाकते, माझ्यादेखत.
लपवालपवी आम्ही पंधरा वर्षं खेळलो,
मी बाटल्या, ती पैसे.

म्हातारा हाल्वार पहिल्याच आठवड्यात म्हणाला,
तलफ म्हणजे आगंतुक पाहुणा.
पाणी विचारू नकोस, बस म्हणू नकोस,
वीस मिनिटांत कंटाळून निघून जातो.
मी म्हटलं, वीस मिनिटं मोजायची कशी?
घड्याळाचा काटा तर माझ्याकडे बघून थांबतो.
त्यानं पिशवीतून सुया काढल्या, करडी लोकर काढली.
हाल्वारनं!
आख्ख्या बंदरात कॉड कापायला ज्याच्याइतका हात कुणाचा चालत नाही, त्यानं.
'दोन सुलट, दोन उलट. चार ओळी झाल्या की वर बघ.'

डिसेंबरात इथे सूर्य डोंगराआडूनच फिरून जातो.
अंधारात माझ्या सुया एकमेकींवर वाजायच्या,
हुडहुडीत दात वाजावेत तशा.
टाके गळायचे. मी शिव्या द्यायचो.
शिव्या देताना मिनिटं जातात, हेही तेव्हाच कळलं.

घरी येताना चर्चवरून येतो,
सात मिनिटं जास्त, बर्फ असला तर अकरा.
उपाशीपोटी कुठलाही निर्णय घेत नाही.
फार एकटं वाटलं की गावाच्या गरम कुंडात
गळ्यापर्यंत पाण्यात बसतो
आणि गुडलाइगचं बटाट्यांवरचं बोलणं ऐकतो.
बटाट्यांवर ती खूप बोलू शकते.

सोलरून दारातच मिठी मारायची.
मिठी कसली, वास घ्यायची.
मला ठाऊक होतं; कोरडा असलो तरी श्वास धरून ठेवायचो.
एकदा म्हणाली, 'मलाही सोडायचंय.'
'काय?'
'तुझा वास घेणं.'
आता गुरुवारी ती शाळेच्या तळघरात जाते,
तिथे सहा बायका आणि एक नवरा बसतात.
काय बोलतात ते ती सांगत नाही, मी विचारत नाही.
दारूपेक्षा हे न विचारणं मला जड गेलं.

जेवताना ती विचारते, 'किती?'
मी दहापैकी आकडा सांगतो. मग मी विचारतो.
एका रात्री माझे तीन होते
आणि ती म्हणाली, 'आठ.'
'कसले आठ?'
'निघून जायचे.'

रश्श्यावर साय धरली.
मला उपदेश येत होते, माफ्या येत होत्या, पाठ होत्या सगळ्या.
मी तिचे बूट आणून ठेवले.
बंदराच्या दिव्यापर्यंत आणि परत, वीस मिनिटं,
वारा असा की बोलायची सोयच नाही.
दारात विचारलं, 'आता?'
'पाच,' ती म्हणाली, आणि नाक पुसलं.

मार्चमध्ये घसरलो.
इंजिनाचा पार्ट आणायला रेक्याविकला गेलो होतो,
पार्ट चौथ्या दिवशी घेऊन आलो.
फार काही सांगण्यासारखं नाही त्यात.
घरी येऊन लोकरीचं टोक धरलं
आणि सगळा गळपट्टा उसवायला लागलो, सरासर,
नोव्हेंबर, डिसेंबर, सगळं गुडघ्यावर कुरळं होऊन पडायला लागलं.
तिनं मनगट धरलं.
'चूक आहे तिथवरच उसव, थोर्गिल्स.'
तिला विणता येत नाही.

गळपट्टा आता तीन मीटरच्या वर गेलाय,
माणसाच्या कामाचा राहिला नाही.

सहा वाजले.
शटरचा आवाज इथवर येत नाही, तरी मला येतो.
ती पिठात हात घालते, किल्ली चाचपते.
'किती?'
'चार. तुझे?'
ती बोटांवरचं पीठ झटकते
आणि जरा विचार करते.