हरताळ

सासू आटी महिन्यात गेली,
जेव्हा दैवंसुद्धा घरात बसून असतात,
कुठल्याच अंगणात कोल नसतो
आणि शांभवी नदी नुसतं लाल पाणी असते.
जाताना म्हणाली, टेंबरे कोरडं ठेव.
पाड्दनाचं काहीच बोलली नाही.

पाड्दन तिनं शिकवलं असं नाही.
पानात तंबाखू भरता भरता गुणगुणायची.
मी पलीकडे बसून माझ्या हजार विड्या पुऱ्या करायची;
दोरा आवळताना कानात गेलं
तेवढं माझं.

आज शेट्टींच्या गुत्तूच्या अंगणात
झावळ्यांच्या आडोशाला गुरुवा बसलाय.
दुपारी त्यानं पानावरचं तेल घेतलं,
तेव्हापासून तो माझा कुणी नाही.
तळव्याएवढा आरसा. नारळाची हीर.
करवंटीत खोबरेलात खललेला हरताळ.
गालावरून पिवळं बोट फिरतं
आणि पुसली जाते बर्फाच्या कारखान्यातली रात्रपाळी,
सोसायटीचं कर्ज,
परवा माझ्यावर उगारलेला
आणि मग स्वतःचंच डोकं खाजवणारा हात.

टेंबरे मांडीवर घेऊन मी गाते.
जुमादी घाट उतरते,
मिठाला निघालेल्या बैलांमागून,
अर्धी बाई, अर्धा बुवा, पायांत धूळ.
नदीशी येते.
नावाडी उतराई मागतो

आणि पुढची ओळ नाही.

काठी वाजत राहिली, हात शहाणे असतात.
पण हीर भुवईवर थांबली.
गाण्याच्या पुढे रंग जात नाही.
आरशातून एक डोळा माझ्याकडे,
अजून माणसाचा,
अजून घाबरू शकणारा.

मग मीच म्हटलं:
अलीकडच्या काठाला एक बाई होती,
पानं दुमडत बसलेली.
म्हणाली, उतराईपुरता पैका नाही गं माझ्याकडे,
पेज आहे, वर चिमूटभर मीठ.
पी, आणि ओलांड.

हीर हलली.
भुवई पुरी झाली.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं.
पाठीवर झावळ्यांची प्रभावळ, पायांत गग्गर,
पलित्यांच्या उजेडात ते अंगण लहान पडलं.
दैवानं शेट्टींना नावानं हाक मारली, ते वाकले.
बांधाचं भांडण दोन शब्दांत मिटवलं.
मुंडप्पाच्या आजारी म्हशीची चौकशी केली.
मीही हात जोडून, बायकांच्या मागे, खांबाशी.

पहाटे, आवाज चिरका झालेला,
दैव नदीच्या दिशेला वळून म्हणालं:
या काठाला मी पेज प्यालेय.
खाल्ल्या मिठाला मी जागते.
पिकाला, पोराबाळांना, दर्यावर गेलेल्यांना
राखीन.

कुणी दचकलं नाही.
म्हातारे शेट्टी मान डोलवत राहिले,
जणू आजोबांच्या तोंडून ऐकलेलं.
माझ्या पायाखाली मात्र
नाव सुटावी तशी जमीन हलली.

उजाडल्यावर त्याच अंगणात, कडेला,
आम्हाला लांबून भात वाढला.
गुरुवानं तेल चोळून तोंड धुतलं,
गग्गर काढले, घोटे सुजलेले.
घास हातात धरून म्हणाला,
आई ती बाई कधी गायची नाही.

गायची, मी म्हटलं.
तुझं लक्ष आरशात असायचं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग भाताकडे.
मीठ कमी आहे, म्हणाला.

दहाच्या बसनं विड्यांचा गठ्ठा घेऊन डेपोत निघाले,
तोही आला, बर्फाला जायचं होतं.
त्याच्या उजव्या कानामागे
नखाएवढा हरताळ राहिलेला.
सांगणार होते.
मग वाटलं, असू दे,
पुढच्या स्टॉपपर्यंत तरी.