पंधरा मिनिटं

रेझेक्नेच्या अलीकडच्या खेड्यात
मी दोनात्सना अंघोळ घालायला जाते.
पूर्वी अर्धा तास मिळायचा,
जानेवारीपासून पंधरा मिनिटं.
पाठ होते, पाय राहतात.

खिडकीबाहेर मालगाडी,
ताडपत्रीखाली नव्याकोऱ्या तोफा.
ते डबे मोजतात,
मी घड्याळ बघते.

"एका गोळ्यात किती अंघोळी बसतात हो?"
चिडले नाहीत.
साबणाचा फेस कानामागून ओघळू दिला.
"एकोणपन्नास साली आईला नेलं,
तेव्हा दारात आडवं यायला
कुणी म्हणता कुणी नव्हतं.
तोफ हवी."

मग थंडीनं निळा पडलेला पाय
माझ्या मांडीवर ठेवला.
"आणि हाही धुवायला हवा."

फॉर्मवर लिहिलं : अंघोळ झाली.
बसमध्ये आठवलं,
मोजा एकाच पायात होता.