जमिनीचे फोटो

वैजू, नियम तुझाच होता.
रोज एक फेरी, रोज एक फोटो,
आणि फोटोत माणूस नको.
माणसं दिसली की रडू येतं म्हणालीस,
तू आपले दगडधोंडे पाठव.

मी दौलतगंजच्या गच्चीवर चालायचे.
बावीस पावलं लांबीची, चौदा रुंदीची,
मध्ये पाण्याच्या टाकीला वळसा.
तुला किल्ला पाठवायचे, रोज तोच,
सहाला राखाडी, साडेसहाला गजकेच्या रंगाचा.
शेजारच्या सक्सेनांची वाळत घातलेली मिरची.
एकदा दुधाच्या निमित्तानं पार बाड्यापर्यंत गेले,
पोलिसाशी खोटं बोलले,
आणि तुला पाठवली
रिकाम्या चौकात मधोमध झोपलेली सात कुत्री.

तुझ्या डंडीत दिवसातून एकदा फिरायची मुभा.
नदीवरचा न संपणारा रेल्वेपूल,
वाळूवर पडलेलं काहीतरी काळं.
मी विचारलं, हा ओंडका कसला?
ओंडका नाही गं, सील आहे, तासभर बघतेय,
आपल्या खानवलकर सरांसारखा,
वर्ग भरलाय आणि हे डोळे मिटून.

मी फोटो मोठा करून तुझी सावली शोधायचे.
एकदा सापडली, कठड्यावर, निम्मी.
नियम मोडलास, मी लिहिलं.
सावली थोडीच माणूस असते, तू.

तीस वर्षं आपण धड पत्रंसुद्धा लिहिली नाहीत.
तुझा घटस्फोट मला तिसऱ्याच कुणाकडून कळला.
आणि आता मला पाठ होतं
तुझ्या रस्त्यावरच्या कितव्या फाटकाचा रंग उडालाय.

मग दुसऱ्या वर्षीचा एप्रिल.
अकरा दिवस टाकीला वळसा घातला नाही.
बोटाला ती चिमटी, नव्वद, एकोणनव्वद, परत नव्वद.
फोन उशाशी, बंद.
चार्जर पलीकडच्या खोलीत,
तेवढं उठवत नव्हतं,
आणि कुणाला सांगावं असंही वाटत नव्हतं.

फोन चालू केला तेव्हा एकदम अकरा फोटो आले.
नदी नाही, पूल नाही.
फुटपाथची फरशी.
गटाराचं झाकण.
ओलं डांबर.
पुन्हा फरशी, भेगेत सिगारेटचं थोटूक.
एकाखालीही शब्द नाही.

राग आला मला, खरं सांगते.
मी इथे अशी, आणि हिला
मान वर करून एक झाड दाखवता येत नाही?

जूनमध्ये विचारलं.
बराच वेळ तू टाइप करत होतीस,
थांबत होतीस, परत करत होतीस.
मग आलं:
फोनकडे बघतच चालायचे गं,
तुझ्या एका टिकेच्या दोन कधी होतात ते.
फोटोची वेळ झाली की
हात होता तसाच ठेवून बटण दाबायचे.

आज किल्ला नाही पाठवत.
ही घे गच्चीची फरशी,
टाकीभोवती शेवाळ निघून गेलेला पट्टा,
आणि कोपऱ्यात, चुकून नाही,
माझ्या चपलेचा अंगठा.
नियमात बसतो का बघ.