कानडी पोरगा

जांबोटीच्या नाक्यावर माझं शिवणाचं दुकान.
बटणांच्या डब्यात, हुकांच्या तळाशी
एक पितळी पान आहे. मागं दोन कड्या, एक मोडकी.
आमच्यात म्हणायचे अंबाडीचं,
शेजारची गौरव्वा म्हणायची पुंडीचं.
दर खंडेनवमीला चिंचेनं घासून घासून
त्याच्याखालची अक्षरं गेली.

पणजाचं नाव ओमाणा घाडी. चिऱ्याच्या खाणीतला माणूस.
खडकीला सॅपर पलटणीत भरती झाला,
तिथनं बोट, फ्रान्स, बेल्जम.
कुदळ तीच, माती दुसरी.
इथला चिरा कापला की धार धरतो,
तिथला चिखल, म्हणे, कापलेलं विसरतो.
सकाळी खणलेला चर दुपारी मिटायचा
आणि आधी तिथं जे कोण होते त्यांचं वर यायचं:
बूट, डबा,
एकदा एक हात, मुठीत शिट्टी.

वैशाखातल्या एका दुपारी
कैरीच्या सालीच्या रंगाचं धुकं आलं,
जमिनीलगत, चरायला सोडलेल्या शेळ्यांसारखं,
घाई न करता.
शेजारच्या चरात एक पोरगा होता, कानडी.
त्याच्या पलटणीनं दोनच दिवसांमागं हे धुकं खाल्लेलं,
सुजल्या डोळ्यांनी त्याला अर्धंच दिसत होतं.
त्यानं खिशातलं फडकं काढलं, ओलं केलं,
पणजाच्या तोंडावर दाबून धरलं
आणि नुसती मान हलवत राहिला,
काढू नको, काढू नको.
दिवस मावळताना पणजा होता.
पोरगा नव्हता. त्याची कॉलर होती.

फडकं कशानं ओलं केलं
हे पणजानं उजेडी कधी सांगितलं नाही.
समुद्र ओलांडला म्हणून भटजींनी पंचगव्य पाजलं,
ते गुमान प्याला, आणि म्हणे, हसला.
पुढं तापात एकदा पणजीजवळ बोलला.
तिनं आत्याला सांगितलं, आत्यानं मला.
घरातल्या गड्यांना आजही वाटतं, पाणी होतं.

लढाईचं कुणी विचारलं की एवढंच:
"कानडी पोरगा."
मग खोकला.
मग "साकु".

तेव्हा आम्ही धरून चाललो,
गदगचा असेल, नाहीतर हुबळीचा.
सौंदत्तीच्या डोंगरावर पणजी
त्याच्या आईच्या नावानं एक नारळ जादा फोडायची.

शहाऐंशी साली पोरांनी पाट्यांना डांबर फासलं.
आजोबा मोर्चात पुढच्या रांगेतले,
मराठीपायी हिंडलग्याची जेल बघून आलेले.
खरं त्या कानडी पाटीसमोर ते उभेच राहिले.
ब्रश परत बादलीत.
"माझ्या बाला एका कानड्यानं राखलंय."
पोरं हसली. एकानं शिवी दिली.
पाटी अजून आहे, पोस्टाच्या मागं, वाकडी.

गेल्या आठवड्यात फर्नांडिसबाई
जाकीट घेऊन आल्या. "पोरानं पाठवलंय,
बाह्या दोन इंच कमी कर."
बाहीवर पान होतं.
लाल, दोऱ्याचं, खरं तेच, टोकन् टोक तेच.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
हुं करून विचारलं, कुठनं?
"कॅनडा," त्या म्हणाल्या.
मी टाचण्या काढल्या. परत म्हणायला लावलं.
त्यांना वाटलं, मला ऐकू कमी येतं.

रात्री डबा उपडा करून पान बाहीवर ठेवलं.
पितळ गार, दोरा ऊबदार.
कॅनडी. कानडी.
एवढ्याशा मात्रेवर
आजोबांनी ब्रश खाली ठेवलेला.

बाही उसवली. पान शिवणीत येत होतं,
ते सांभाळून, वरच्या अंगानं घेतली.

आजोबांना आता सांगता येत नाही.
आत्याला सांगितलं असतं, ती बहिरी झालीय,
आणि सौंदत्तीला अजून जाते.
परवाच्या पुनवेला पैसे मागायला आली.
मी मोजून दिले,
जादा नारळासकट.