मुका खांब

खांब म्हणलं की मला एवढेच ठाऊक:
सिमेंटचे, लोखंडाचे,
जुन्या लाइनीवर कुठं कुठं लाकडाचे.
कुरुंद्यापासून गिरगावपर्यंत
बत्तीस वर्षं चढलो, उतरलो.
आता खैरून म्हणते,
"चाचा, ये भी खांब है. मुका खांब."
आणि सुईच्या टोकाला दाखवते
ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ.

नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलंय, बोटं हलती ठेवा.
डाव्या हाताची दोन, तेव्हापासून
आत वळून बसलीत, रुसल्यासारखी.
दाबायला रबरी चेंडू दिला होता,
तो गल्लीतल्या पोरांनी क्रिकेटला नेला.
मग समोरच्या घरी जाऊन बसलो,
जिथं ही रुखवताची तोरणं विणते
लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत.
माझी बोटं बघून म्हणाली,
दोरा धरायला हीच बरी.

सुई घाला. दोरा घ्या. ओढा बाहेर.
सुईवर दोन झाले?
आता परत दोरा, दोन्हीतून पार.
बस.
एवढंच मला चार दिवस येईना.
दोरा सुटायचा, नाहीतर चिरायचा,
नाहीतर सुई आपली रिकामीच परत.
वीस नंबरचा पांढरा दोरा
सोमवारपर्यंत मातकट झाला.

"इत्ता कसके नक्को खींचो, चाचा.
अगले टाके में सुई कैसी जाएंगी?"

मी हसलो. हे तर मीच सांगायचो
नव्या पोरांना, मेच्या उन्हात, तार ओढताना:
झोल ठेव रे. थंडीत तार आखडते.
आज ताणलीस तर पुसात तुटंल.
दत्ता खिल्लारेनं विचारलं होतं, झोल किती?
डोळ्याला बरा दिसंल तेवढा, म्हणालो होतो.

मुका का म्हणतात, तिलाही ठाऊक नाही.
अम्मी म्हणायची, म्हणून ही म्हणते.
मला मुका खांब माहिताय:
परमिट घ्यावं, लाइन बंद व्हावी,
खांबाला कान लावावा, गुणगुण नसते.
दत्तानं लावला होता कान.
मी खाली होतो, दोर धरून.
दोर ओला होता.

ओळ संपली की एक साखळी घालून उलटायचं.
मोजले. वीस.
उलटलं. वीस.
परत उलटलं. एकोणीस.
"किनारे का छूट गया," खैरून म्हणते, "सबका छूटता."
एक उसवायला गेलो
तर सरसर सगळी ओळ आली हातात,
आणि दोरा काही सरळ होईना,
कुरळा होऊन पडला मांडीवर.

तेवढ्यात लाइट गेली.
गल्लीत कुणीतरी जुन्या सवयीनं
माझ्याच नावानं शिवी हासडली.
खैरून मेणबत्ती हुडकत होती फळीवर.
म्हणलं, राहू दे. हाताला कळतंय.

अकरावा खांब घालत होतो, तेव्हा आली.