आल्तिनोचा बेत

कागदावर तू लिहिलंस: किनारा, किल्ला, क्रूझ.
मी तिन्ही खोडले.
वास्कोहून बस, पणजीला उतरायचं
आणि चढ चढायचा
तुझ्या गुडघ्याच्या वेगानं.

खोलीवाली एर्मेलिंडा फोनवर म्हणाली,
"बघण्यासारखं काही नाही हां इथं,
झाडंच तेवढी."
मी लगेच आगाऊ पैसे पाठवले.

सकाळी पोदेराचा भोंपू,
दोन गरम उंडे.
दुपारभर झाडाखालचा बाक;
तू पेपर आणशील
आणि घडीही मोडणार नाहीस, माहितीये मला.
संध्याकाळी फेरीबोटीनं बेतीला,
उतरायचं नाही,
त्याच बोटीनं परत.

आता छत्री घ्यायची का,
एवढंच ठरायचंय.

आणि मुलाला कळवायचं का,
की घरी कुणी नाही म्हणून
दोन दिवस फोन तसाच वाजू दे.