आधी बोटभर

तळपायाखाली विस्तव आला तरी कळेना,
अशी दोन वर्षं काढली.
साखर आतून अस्तर खाते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
मी म्हणलो, ठावं आहे मला,
बावीस नंबरच्या चारीचं असंच झालं,
वरून गुळगुळीत सिमेंट, मागून पोकळ,
काठी ठोकली की बोलायची.

पोटरी थंड पडली त्या रात्री
माजलगावहून निघालो. शहागडच्या पुलावर
पोरगं म्हणलं, दादा, गोदावरी.
मला पाय सोडून काही दिसत नव्हतं.

घाटीत, कागदावर अंगठा घेण्याआधी
डॉ. सुमय्या स्टूल ओढून बसल्या:
नस उघडीन मी, मुंजाजी, पण भीती दोन आहेत.
रक्त थांबलं, ही एक.
ते परत येईल, ही दुसरी.
तहानलेलं मांस रक्तानंच भाजतं,
साखरेच्या माणसाचं जास्तच.

बाकीच्यांना ते कोडं वाटलं असेल.
मी सव्वीस वर्षं गेटचं चाक फिरवलंय.

एकदा चौदा महिने कालवा कोरडा.
भरावाला भेगा, भेगांत खेकडे, घुशी.
मग वरून फोन: पूर्ण सोडा, आत्ताच.
सोडलं.
एकतिसाव्या किलोमीटरला पाट फुटला
अन् गयाबाई थावरेची तूर मातीसकट गेली.
पाणी नव्हतं तोवर वाळत होती, पण उभी होती.
आडवी झाली ती पाणी आल्यावर.
गयाबाई काही बोलली नाही,
चप्पल हातात घेऊन नुसती चिखलात उभी.

म्हणून बाईंना सांगितलं,
आधी बोटभर उचला.
एक बिडी ओढून होईस्तोवर थांबा,
माती पिऊ द्या, भेगा मिटू द्या.
मग दोन बोटं.
त्या हसल्या. फुगा फुगवायचा, सोडायचा,
परत फुगवायचा, असंच काहीसं करते म्हणाल्या,
दर वेळी लागू पडतं असं नाही.
आणि बिडीचं नाव काढू नका.

टेबलावर पडून मी मोजत होतो.
पडद्यावर काळी रेघ घोट्यापाशी आली,
अडली,
सरकली.

रात्री पाय पेटला. नुसता पेटला.
सिस्टरनं बोट टोचून साखर बघितली
अन् काही न बोलता लिहून ठेवली.
पायाची दोन बोटं जातील, असं सकाळी कळलं.
त्यातच करंगळीला मुंग्या आल्या.

टेलचा शेवटचा माणूस, सटवाजी,
दर पाळीला फोन करून एकच विचारायचा:
आलं का?

यायलंय गड्या, म्हणलो.
हळू यायलंय.